बाई, तुम्हाला ठाऊक होतं ना?

मैत्रिणींनो, डबा, वेणी, पाण्याची बाटली, इस्त्रीचा गणवेश असं सगळं उरकून सकाळी आपण मुलाला रिक्षात बसवतो आणि हुश्श म्हणून घरात वळतो. पुढचे पाच-सहा तास ते मूल शाळेच्या ताब्यात. बँकेत पाच हजारांची ठेव ठेवायची तर आपण दहा प्रश्न विचारतो, पावती जपून ठेवतो. शाळेत पोटचा गोळा ठेवताना मात्र फी किती, माध्यम कोणतं आणि दहावीचा निकाल काय, एवढ्यावरच आपली चौकशी संपते. ‘तुमच्याकडे एखाद्या मुलाशी काही गैर घडलं, तर ते कुणाला आणि किती वेळात कळवता?’ हा प्रश्न आपल्यापैकी कितीजणींनी विचारला असेल?

तो विचारायला हवा, हे २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरने आपल्याला शिकवलं. तिथल्या एका शाळेत शिशुवर्गातल्या दोन चिमुरड्यांवर शाळेच्याच सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचं उघडकीला आलं. घरी आल्यावर मुलीला दुखू लागलं, म्हणून आईबापांना कळलं. ते पोलीस ठाण्यात गेले, तर फिर्याद नोंदवून घ्यायलाच कित्येक तास लावले गेले. २० ऑगस्टला लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले. २२ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि शाळेने पोलिसांना का कळवलं नाही, असा खडा सवाल केला. पुढे संस्थेच्या जबाबदार मंडळींवरही गुन्हा दाखल झाला, माहिती असून कळवलं नाही म्हणून. संशयित आरोपी सप्टेंबरमध्ये पोलिसांच्या गोळीने मरण पावला आणि सगळी चर्चा तिकडेच वळली. आपण बायकांनी मात्र मूळ मुद्दा धरून ठेवायला हवा. कळवणं हे कुणाचं काम होतं?

गप्प राहणं हा गुन्हा आहे

लैंगिक अपराधांपासून बालकांचं संरक्षण करणारा कायदा, म्हणजे ज्याला आपण ‘पोक्सो’ म्हणतो, तो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालचं प्रत्येक मूल त्यात येतं, मुलगा असो की मुलगी. त्याचं १९ वं कलम सांगतं, की असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं, किंवा घडेल अशी धास्ती ज्याला वाटली, त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवलंच पाहिजे. प्रत्येकाने म्हणजे मुख्याध्यापकांपासून शिपाईमामांपर्यंत, बालवाडीच्या मावशींपासून बसच्या ड्रायव्हरपर्यंत. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माझ्यासारख्या बाईलाही त्यातून सूट नाही. आणि हो, शेजारच्या काकू आणि डबा पोचवायला आलेली आईसुद्धा या ‘प्रत्येका’त येते.

न कळवल्यास २१ व्या कलमाप्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं पाप झाकलं, तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंडही. खबर नोंदवून न घेणारा पोलीसही याच कलमात अडकतो. मुलांना मात्र या शिक्षेतून वगळलेलं आहे. मैत्रिणीचं गुपित पोटात ठेवलं म्हणून कुणा पोरीला कायदा दोषी धरत नाही. ते ओझं मोठ्यांनीच उचलायचं.

‘आधी आपण चौकशी करू’

घोडं पेंड खातं ते इथे. शाळेत काही कानावर आलं, की बैठक बसते. ‘आधी आपल्यात शहानिशा करू, मग बघू.’ त्या माणसाला बोलावतात, तो पाया पडतो. मुलीला पुन्हा पुन्हा तेच विचारतात. संस्थाचालक म्हणतात, पन्नास वर्षांची शाळा आहे, नाव जाईल. आठवडा जातो, पुरावा पुसला जातो आणि पोर घाबरून ‘काही नाही झालं’ म्हणते.

खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा सेवाशर्तींचा कायदा आणि १९८१ ची नियमावली आहे. गैरवर्तन केलेल्याची खातेनिहाय चौकशी कशी करायची, समिती कशी नेमायची, हे सगळं तिथे आहे, आणि ती चौकशी व्हायलाच हवी. पण नोकरीवर ठेवायचं की काढायचं, एवढंच ती ठरवते. गुन्हा झाला की नाही हे पोलीस आणि न्यायालय पाहतात. चौकशी संपेपर्यंत पोलिसांना थांबवून ठेवायची मुभा कोणत्याही शाळेला नाही.

या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे, आणि प्रकरण आपल्याच महाराष्ट्रातलं आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा इथे एका शाळेच्या वसतिगृहात राहणाऱ्या आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचं २०१९ मध्ये बाहेर आलं. त्या मुलींना तपासणाऱ्या डॉक्टरांना प्रकार समजूनही त्यांनी पोलिसांना कळवलं नाही, असा त्यांच्यावर आरोप होता. उच्च न्यायालयाने डॉक्टरांवरचा गुन्हा रद्द केला होता. २ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि सांगितलं, की वेळेवर खबर देणं अत्यंत महत्त्वाचं आहे, माहिती असून ती न देणं हा गंभीर गुन्हा आहे. उशीर झाला, की वैद्यकीय तपासणीतून मिळणारा पुरावाही हातचा जातो. त्याआधी २०१३ मध्येही याच न्यायालयाने शाळा, वसतिगृहं आणि बालगृहांच्या प्रमुखांना बजावलं होतं, की असा प्रकार दिसला तर गुप्तता राखून पोलिसांना कळवा.

पण लोक काय म्हणतील?

आता मनातलं बोलू. बाईमाणसाच्या तोंडाला कुलूप घालायला तीन वाक्यं पुरतात.

पहिलं, ‘खोटं निघालं तर?’ सद्‌हेतूने खबर देणाऱ्यावर कसलीही कारवाई होऊ शकत नाही, असं १९ व्या कलमातच लिहिलेलं आहे. मुद्दाम, सूड उगवायला खोटी तक्रार करणाऱ्यालाच शिक्षा आहे. तुम्ही न्यायाधीश नाही. दिसलं, ऐकलं ते सांगायचं, खरंखोटं करणारे बसले आहेत. एखादा निर्दोष शिक्षक असला, तर त्याच्याही दृष्टीने कुजबुजीपेक्षा रीतसर तपास बराच.

दुसरं, ‘मुलीच्या जातीचं नाव बदनाम होईल.’ मुलाची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे. नाव, फोटो, पत्ता, शाळा, घरचे, यांतलं काहीही छापता किंवा दाखवता येत नाही. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, होईतो महिला अधिकाऱ्याने, तोही साध्या वेशात घ्यायचा असतो. आईवडील किंवा मुलाच्या विश्वासाचं माणूस जवळ हवं. मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरनेच करायची, आणि कोणत्याही मुलाला रात्री पोलीस ठाण्यात थांबवून ठेवायचं नाही. हे हक्क आईला पाठ असले, की ठाण्याची पायरी चढताना पाय लटपटत नाहीत.

तिसरं वाक्य शिक्षिकांचं. ‘माझी नोकरी जाईल.’ ही भीती खोटी नाही. मानधनावरची नोकरी, घरात नाना खर्च, वर संस्थेची मर्जी! म्हणूनच एकटीने जाऊ नका. लेखी द्या, तारीख-वेळ घाला, प्रत स्वतःजवळ ठेवा. मुख्याध्यापकांना जरूर सांगा, पण त्यांना सांगितलं म्हणून आपलं काम झालं असं समजू नका. पोलिसांना खबर गेली आहे याची खात्री करून घ्या, नसेल तर स्वतः द्या. वर्तमानपत्रात नाव आल्यावर ‘बाई, तुम्हाला ठाऊक होतं ना?’ असं एखाद्या आईने विचारलं, तर त्याला कोणत्या नोकरीत उत्तर सापडेल?

गैरवर्तन केवळ एवढंच नव्हे

अत्याचार एका दिवसात उगवत नाही. आधी लहान-लहान मर्यादा ओलांडल्या जातात आणि ‘सर जरा लाडच करतात’ म्हणून आपण हसून सोडतो. एकाच मुलीला भेटवस्तू, सुट्टीनंतर एकटीला थांबवणं, दार लावून शिकवणं, रात्री मोबाईलवर खासगी निरोप, ‘घरी सांगू नकोस हं’ अशी तंबी. यातलं काही कानावर आलं, तर त्याच दिवशी शाळेत लेखी विचारा. चांगल्या शिक्षकाला याचा राग येत नाही, कारण तो स्वतःच दार उघडं ठेवतो आणि निरोप पालकांच्या गटावर टाकतो.

छडीचंही तसंच. ‘छडी लागे छमछम’ म्हणत वाढलेली आपली पिढी मारलं तर काय बिघडलं, असं सहज म्हणून जाते. पण शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. वर्गात ‘ढ’ म्हणून उभं करणंही त्यातच बसतं. त्याच कायद्याच्या २८ व्या कलमाने शिक्षकांना खासगी शिकवण्या घ्यायला बंदी आहे. ‘माझ्याकडे क्लास लाव, मग बघू’ असं कुणी सुचवलं, तर ते गैरवर्तनच.

मूल बोललं, तर

मूल एखादी गोष्ट सांगू लागलं, तर हातातलं काम खाली ठेवा. चेहऱ्यावर धक्का दाखवू नका. ‘तू तिकडे गेलीसच का?’ हा प्रश्न जिभेवर आला तरी गिळा. ‘बरं केलंस सांगितलंस, तुझी काही चूक नाही’ एवढं म्हणा आणि त्याच्याच शब्दांत ऐका. उलटतपासणी नको, पढवणं तर मुळीच नको. नुकतंच काही घडलं असेल, तर अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, ते तसेच कागदात गुंडाळून ठेवा. मग थेट पोलीस ठाणं गाठा. हद्दीचं कारण सांगून तुम्हाला परत पाठवता येत नाही, आणि फिर्यादीची प्रत फुकट मिळाली पाहिजे. मुलांसाठीचा फोन १०९८, तातडीसाठी ११२. हे दोन आकडे फ्रिजवर चिकटवून ठेवा. आणि एक विनवणी, हा प्रकार व्हॉट्सॲपवर फिरवू नका. मदत तर होत नाहीच, पोराचं नाव मात्र गावभर होतं.

पालकसभेत हे विचारा

बदलापूरनंतर २१ ऑगस्ट २०२४ ला शासनाने शाळांसाठी निर्णय काढला. त्याच्या आधारे पुढच्या पालकसभेत नम्रपणे, पण ठामपणे विचारा :

• शाळेत सीसीटीव्ही कुठे कुठे आहेत, आणि त्यांचं चित्रण नियमित कोण पाहतं?

• शिपाई, मावशी, सफाई कर्मचारी, बसचालक या सर्वांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी झाली आहे का?

• तक्रारपेटी मुलांच्या हाताला पोचेल अशी आहे का, ती कोण उघडतं?

• ‘सखी सावित्री’ समितीत कोण आहेत, शेवटची बैठक कधी झाली?

• मुलींच्या स्वच्छतागृहाकडे महिला कर्मचारी असते का?

• गैरप्रकार कळल्यावर पोलिसांना लगेच आणि शिक्षणाधिकाऱ्यांना २४ तासांत कळवण्याचं काम कोणाच्या नावावर आहे?

एकटीने विचारलं, तर ‘ही बाई भांडखोर’ असा शिक्का बसतो. चौघीजणींनी मिळून विचारलं, की तो पालकांचा ठराव होतो. भिशीला, हळदीकुंकवाला आपण जमतोच की!

आपल्या कोल्हापुराला या गोष्टीचा वारसाच आहे. १९१७ साली छत्रपती शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. मुलाच्या भल्याची जबाबदारी महाराजांनी मोठ्या माणसांवर टाकली होती. आज मुलं शाळेत जातात. तिथे ती निर्धास्त राहावीत, म्हणून तोंड उघडण्याची सक्ती कायद्याने आपल्यावर केली आहे. महाराजांचा रुपया त्या काळच्या बापाला जड गेला असेल. आपल्याला दोन शब्द जड जाऊ नयेत.