मनगटातून की जांघेतून?

शेलूबाजारात कुणाच्या छातीत कळ आली, की घरात पहिला प्रश्न रस्त्याचा निघतो: अकोला की नागपूर? मंगरूळपीर तालुक्यातलं हे बाजाराचं गाव. 11 डिसेंबर 2022 रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा सुरू झाला नि नागपूर जवळ आलं, तरी कॅथलॅबचं टेबल गाठेपर्यंत वेळ जातोच. अशा वेळी रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन जवळच्याच दवाखान्यात देऊन रुग्णाला पुढे पाठवता येतं. ते लागू पडलं तर साधारण 3 ते 24 तासांत अँजिओग्राफी करतात, म्हणजे धमनीतून हृदयापर्यंत नळी घालून अडथळा बघतात. पण हे औषध फक्त हृदयाच्या धमनीतल्या गाठीपुरतं थांबत नाही, अंगात कुठेही रक्त थांबणं अवघड करून ठेवतं. अशा माणसाच्या धमनीला भोक कुठे पाडायचं, हा प्रश्न म्हणूनच इथे शहरापेक्षा जास्त जिवाचा.

जांघेतली धमनी ऐसपैस, 6-7 मिलीमीटरची. नळी सहज जाते. पण ती खोल असते. तिथून झिरपलेलं रक्त कधी पोटामागे साचतं. बाहेर थेंबही दिसत नाही, रक्तदाब तेवढा उतरत जातो. मनगटातली धमनी जेमतेम 2-3 मिलीमीटरची, पण कातडीलगत, खाली हाड. वैद्य नाडी बघतात तीच ही. पट्टा आवळला की रक्त थांबतं, आणि ती बंद पडलीच तरी तळव्याला दुसरी धमनी रक्त पुरवते. जांघेतून केलं की काही तास पाय सरळ ठेवून उताणं पडायचं. हातातून केलं की माणूस उठून चहा घेतो.

गंमत म्हणजे सुरुवात हातापासूनच झाली. 1929मध्ये जर्मनीत वेर्नर फोर्समान यांनी स्वतःच्या हाताच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी घातली. मेसन सोन्स कोपराजवळची धमनी उघडून अँजिओग्राफी करत. 1967मध्ये जडकिन्स यांच्या नळ्यांनी जांघेचा मार्ग सोपा केला आणि तोच रुळला. मनगट पुन्हा आठवलं ते माँट्रियलच्या ल्युसियँ कांपो यांना, 1989 साली. पुढे 1992मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला किमेनाय यांनी मनगटातून अँजिओप्लास्टी केली. भारतात हा मार्ग रुजवण्यात अहमदाबादचे डॉ. तेजस पटेल यांचा मोठा वाटा.

2011च्या ‘रायव्हल’ चाचणीत 7,021 रुग्ण होते. धमनीच्या मोठ्या इजा मनगटात 1.4 टक्के, जांघेत 3.7. पण मृत्यू, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि मोठा रक्तस्राव यांची बेरीज जवळजवळ सारखीच निघाली, हे मनगटवाले सांगायला विसरतात. 2022मध्ये सात चाचण्यांतले 21,600 रुग्ण एकत्र मोजले, तेव्हा 30 दिवसांतले मृत्यू मनगटात 1.6, तर जांघेत 2.1 टक्के भरले. फरक लहान, पण खरा.

तरीही ‘हातातूनच करा’ असा हट्ट नको. मनगटातली बारीक, वळणदार धमनी आकसून नळी धरून ठेवते; रक्तदाब कोसळलेल्याला आधाराचा पंप लागतो, तो बहुधा जांघेतूनच जातो. डायलिसिसचा हात तर सोडायलाच हवा.

राहिला कामाचा हात. डॉक्टर रुग्णाच्या उजवीकडे उभे राहतात, म्हणून बहुधा उजवं मनगट निवडतात. पुढचे काही दिवस त्या हातानं जड उचलायचं नसतं, आणि दिवाळीच्या तोंडावर इकडे सोयाबीनची पोती उचलायची असतात. घाई नसेल तर डाव्या मनगटाचं आधीच विचारून ठेवावं.