फेरफार आणि कोष्टकातील काळ

तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुना सहा म्हणून जी फेरफार नोंदवही असते, ती संगणकाच्या अभ्यासकाने एकदा तरी लक्षपूर्वक चाळावी, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. जमीन विकली गेली किंवा खातेदार वारला, की त्या घटनेला क्रमांक मिळतो, हितसंबंधितांस नोटिसा जातात, हरकत नसल्यास मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो आणि मगच सातबाऱ्यावरील जुन्या नावास कंस पडून नवे नाव फेरफार क्रमांकासह चढते. कंसातले नाव मात्र वाचता येईल असेच राहते.

एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या रिलेशनल प्रतिमानावर जे डेटाबेस उभे राहिले, त्यांची वहिवाट याच्या उलट पडली. तेथे कोष्टकाच्या ओळीतील जुने मूल्य जाते आणि त्याच जागी नवे बसते. हिशेबनिसांनी शतकानुशतके पाळलेल्या रीतीचा हा भंग आहे, हा आक्षेप जिम ग्रे यांनी १९८१ सालच्या निबंधातच नोंदवला होता. परंतु साठवणूक महाग असलेल्या त्या काळात तो मागे पडला.

प्रश्न केवळ जुने मूल्य जपण्याचा असता, तर ट्रिगर, म्हणजे बदल होताच आपोआप चालणारी आज्ञा, लावून प्रत्येक बदलाची प्रत निराळ्या कोष्टकात टाकली की भागले असते, आणि पुष्कळ कचेऱ्यांत आजही तेवढ्यावरच भागवले जाते. खरी गुंतागुंत पुढेच आहे. समजा, खरेदीखत ५ मार्चला झाले आणि फेरफार २० एप्रिलला मंजूर झाला; तर १ एप्रिल रोजी जमीन घेणाऱ्याची होती, पण त्याच दिवशी उतारा काढून कर्ज देणाऱ्याला विकणाऱ्याचेच नाव दिसले, आणि या दोन्ही गोष्टी सारख्याच खऱ्या आहेत. वस्तुस्थितीचा काळ एक आणि दप्तराला ती कळल्याचा काळ, म्हणजे नोंदकाल, दुसरा, हा भेद रिचर्ड स्नॉडग्रास व इल्सू आन यांनी १९८५ साली शास्त्रशुद्ध रीतीने मांडला. ज्या कोष्टकात दोन्ही काळांच्या ‘पासून’ आणि ‘पर्यंत’च्या तारखा आहेत, तेच कर्ज देणाऱ्याला न्याय देऊ शकते, एकच काळ जपणारे कोष्टक त्याला किंवा खरेदीदाराला खोटे ठरवते, आणि हा दोष मी क्षुल्लक मानीत नाही.

डेटाबेसांची भाषा असलेल्या एसक्यूएलच्या प्रमाणग्रंथात हे दोन्ही काळ येण्यास २०११ साल उजाडावे लागले. पुढे एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसाच्या २०१६च्या आवृत्तीत आणि २०१८ साली मारियाडीबीत, कोष्टकाने आपला नोंदकाल आपणच सांभाळावा, अशी सोय झाली. पोस्टग्रेस या डेटाबेसाची कथा अधिक उद्बोधक आहे. मायकेल स्टोनब्रेकर यांच्या मूळ रचनेत जुन्या ओळी राखून भूतकाळात डोकावण्याची शक्ती जन्मजात होती. वेग आणि जागा यांच्यापायी १९९७ साली ६.२ आवृत्तीत ती काढून टाकण्यात आली. २०२५ साली आलेल्या १८व्या आवृत्तीत, एकाच वस्तूचे दोन कालावधी परस्परांवर चढू नयेत, असे बंधन थेट प्राथमिक कीतच घालता येऊ लागले. ही वस्तुस्थितीच्या काळाची सोय झाली. नोंदकालासाठी त्या डेटाबेसावर काम करणाऱ्यास ट्रिगर आजही स्वतःच लावावे लागतात.