अक्षरे कोणाच्या ताब्यात?

आमच्या घरात पदवीपर्यंत गेलेली मी पहिली. पेठ वडगावात राहते आणि महाविद्यालयात मराठी शिकवते. संगणकशास्त्र हा माझा विषय नव्हे. तरीही या लेखात मी संगणकावर मराठी मजकूर कसा लिहावा, त्यासाठी एडिटर आणि त्याचे प्लगइन कसे लावून घ्यावे, हे सांगणार आहे. चळवळीच्या अंकात हा विषय कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. तो रास्त आहे. त्याचे उत्तर माझ्या आत्याच्या वहीपासून द्यावे लागेल.

आत्याला वारणाकाठच्या गावी दिले होते. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. २०१२ साली एम.ए. करीत असताना मी उन्हाळ्याच्या सुटीत तिच्याजवळ बसले आणि तिचे बोलणे वहीत उतरवून घेतले. येसकरकीची पाळी, दारोदार मागितलेली भाकरी, घरातले देव नदीत सोडले तो दिवस, जात्यावरच्या ओव्या आणि त्याच चालीवर बायकांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्या, असे सारे त्यात होते. कोल्हापुरातील एका डीटीपी केंद्रात ती वही टाइप करून घेतली. नव्वद पाने झाली. एक छापील प्रत आणि मूळ वही आत्याने आपल्या ट्रंकेत ठेवली, सीडी माझ्याकडे राहिली.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आत्याचे घर पाण्याखाली गेले. वही गेली, प्रतही गेली. पुढच्या वर्षी आत्या गेली. मग मी सीडी काढली. ती शाबूत होती, फाइलही उघडली. पण पडद्यावर आत्याचा एक शब्द नव्हता. इंग्रजी अक्षरे, कंस आणि टक्क्यांची चिन्हे यांची नुसती पानेच्या पाने होती. केंद्र केव्हाच बंद झालेले. ज्या फॉन्टमध्ये मजकूर बसवला होता, तो फॉन्ट माझ्याजवळ नव्हता.

असे का झाले, हे आधी समजून घेतले पाहिजे. संगणक अक्षर साठवत नाही, अक्षराचा क्रमांक साठवतो. जुन्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. एका क्रमांकावर काना, दुसऱ्यावर अर्धा 'त', तिसऱ्यावर रफार. फाइलीत प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरेच असायची, आणि फॉन्ट त्यांना मराठीचे रूप द्यायचा. फॉन्ट काढून घेतला की मराठी नाहीशी. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. म्हणजे मजकूर आपला, पण त्याची किल्ली दुसऱ्याकडे.

१९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि जगातील लिप्यांना स्वतंत्र क्रमांक मिळू लागले. त्यात 'क'चा क्रमांक २३२५ आणि 'ळ'चा २३५५. फॉन्ट कोणताही असो, यंत्र कोणतेही असो, हा क्रमांक बदलत नाही. तेव्हा पहिला नियम असा की यापुढे एक ओळही युनिकोडशिवाय लिहायची नाही. टाइप करणाऱ्याला हे आधी बजावून सांगावे.

युनिकोडने अक्षरे सुटली, तरी आणखी एक कुलूप राहते. शब्दप्रक्रियेच्या प्रणालीत लिहिताना मथळा कोणता, ठळक काय, तळटीप कुठे, ही सारी माहिती त्या प्रणालीच्या स्वतःच्या पद्धतीने फाइलीत जाते. आवृत्ती बदलली की मांडणी विस्कटते, हा अनुभव शोधनिबंध लिहिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने घेतला आहे. यावर साधा उपाय म्हणजे साध्या मजकुरातच खुणा करणे. ओळीच्या आधी '#' हे चिन्ह आणि एक जागा सोडली की ती ओळ मथळा. दोन '#' म्हणजे उपमथळा. शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारका दिल्या की शब्द ठळक. ओळीच्या आधी '>' हे चिन्ह दिले की ते अवतरण. या पद्धतीला मार्कडाउन म्हणतात. अमेरिकेतील जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये ती मांडली. तिच्या घडणीत आरन स्वार्ट्झ या सतरा वर्षांच्या मुलाचा हात होता. पुढे याच स्वार्ट्झवर अभ्यासलेखांचा मोठा साठा उतरवून घेतल्याबद्दल खटला भरला गेला, आणि २०१३ मध्ये, सव्विसाव्या वर्षी, त्याने आपले जीवन संपवले. ज्ञानाच्या दाराला कुलूप कोण लावतो, हा प्रश्न आपल्याला नवा नाही.

आता प्रत्यक्ष कृतीकडे येऊ.

एडिटर म्हणजे साधा मजकूर लिहिण्याचे साधन. मी व्हीएस कोड वापरते. ते विनामूल्य मिळते. मूळचे ते प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी केलेले, पण लेखकालाही उत्तम चालते. त्यात 'मार्कडाउन ऑल इन वन' नावाचे प्लगइन घालावे. डाव्या बाजूच्या एक्स्टेन्शनच्या चौकटीत नाव शोधून 'इन्स्टॉल' दाबले की काम झाले. फाइलीला नाव देताना शेवटी टिंब देऊन 'एमडी' ही दोन इंग्रजी अक्षरे लिहावीत, म्हणजे एडिटर तिला मार्कडाउन म्हणून ओळखतो. वरच्या उजव्या कोपऱ्यात प्रिव्ह्यूचे चिन्ह येते. ते दाबले की शेजारीच मजकूर छापील पानासारखा दिसतो.

यानंतर सेटिंग्जमध्ये चार गोष्टी कराव्यात. फॉन्टच्या जागी मुक्त किंवा नोटो यांसारख्या विनामूल्य युनिकोड देवनागरी फॉन्टचे नाव घालावे. ओळीची उंची १.८ ठेवावी, नाहीतर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांत घुसतात. 'ऑटो सेव्ह' चालू करावे, कारण आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. चौथी गोष्ट ओव्या आणि गाणी उतरवणाऱ्यांसाठी फार महत्त्वाची आहे. मार्कडाउनमध्ये नुसती ओळ तोडली तर यंत्र ती तोड मानत नाही, चारही ओळी जोडून एक परिच्छेद करते. जात्यावरची ओवी अशी गद्य होऊन जाते. प्रिव्ह्यूच्या सेटिंग्जमध्ये 'ब्रेक्स' हा पर्याय चालू केला की ओळी जिथल्या तिथे दिसतात.

खरी अडचण कळफलकाची आहे, आणि माझे विद्यार्थी तेथेच अडतात. इन्स्क्रिप्ट कळफलकाच्या मूळ रचनेत शिफ्टसह ३ दाबले तर '#' येत नाही, रकाराची खूण येते. ८ दाबले तर तारका येत नाही, 'श्र' येतो. '>'च्या जागी दंड आहे. म्हणजे दर मथळ्याला कळफलक इंग्रजीवर न्यायचा आणि परत मराठीवर आणायचा. दहा वेळा असे केले की विद्यार्थी कंटाळून हे सारेच सोडून देतो. या खुणा ज्यांनी ठरवल्या, त्यांच्यासमोर मराठीत लिहिणारा माणूस नव्हता. याचा एक पुरावा पाहा. इंग्रजी आकड्यापुढे टिंब दिले की यंत्र त्याला क्रमवार यादी समजते, पण '१.' असे देवनागरीत लिहिले तर समजत नाही.

यादीसाठी इंग्रजी आकडे वापरण्यावाचून इलाज नाही, परंतु बाकीची अडचण प्लगइन आणि थोडी मांडामांड यांनी सुटते. शब्द निवडून कंट्रोलसह 'बी'ची कळ दाबली की प्लगइन स्वतःच दोन्ही बाजूंना तारका घालते. मथळा, उपमथळा आणि अवतरण यांसाठी मी कीबोर्ड शॉर्टकट्सच्या फाइलीत तीन नोंदी केल्या आहेत. प्रत्येक नोंदीत चार गोष्टी सांगायच्या असतात: कोणती कळ, कोणती आज्ञा (येथे 'इन्सर्ट स्निपेट'), कोणता मजकूर घालायचा, आणि कोणत्या प्रकारच्या फाइलीतच हे घडावे (येथे मार्कडाउन). मी एफ-६ वर मथळा, एफ-७ वर उपमथळा आणि एफ-९ वर अवतरण ठेवले आहे. वरच्या रांगेतील या कळांवर भाषेचा परिणाम होत नाही. एका दुपारी हे होते, आणि एकाने केलेली फाइल शंभर जणांना देता येते.

एक बारीक सूचना. शब्द अवतरणचिन्हात असेल आणि त्याला प्रत्यय लागला असेल, तर प्रत्ययही तारकांच्या आत घ्यावा. 'वतन'चा असे लिहिताना 'चा' बाहेर राहिला तर ठळकपणा येत नाही, नुसत्या तारका दिसत राहतात.

ज्यांच्याजवळ संगणक नाही, त्यांनी खट्टू होऊ नये. माझ्या वर्गातील बहुतेक मुलामुलींजवळ मोबाइलच आहे. अँड्रॉइडवर मार्कोर नावाचे विनामूल्य साधन आहे. त्यात याच खुणा, याच फाइली चालतात. घरी आजीजवळ बसून मोबाइलवर लिहिलेला मजकूर दुसऱ्या दिवशी महाविद्यालयातील संगणकावर जसाच्या तसा उघडतो.

छपाईची वेळ आली की पँडॉक हे साधन वापरावे. जॉन मॅकफार्लेन या अमेरिकेतील तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने २००६ मध्ये ते सुरू केले. एकाच मार्कडाउन फाइलीतून ते वर्डची फाइलही करून देते आणि ई-पुस्तकही. तळटिपाही बिनचूक जातात. फक्त ओव्यांच्या ओळी टिकवण्यासाठी आज्ञेत 'हार्ड लाइन ब्रेक्स' हा पर्याय जोडायला विसरू नये.

या पद्धतीचा आणखी एक लाभ मला अनपेक्षितपणे मिळाला. शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रणालीत मी आत्याचे 'व्हतं', 'न्हाई', 'म्या' लिहिले की प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ उमटायची. शाळेत माझ्या वहीवर अशाच लाल रेघा असत. या एडिटरमध्ये आपण होऊन तसे प्लगइन घातले नाही, तर रेघ येत नाही. आत्याची भाषा चुकीची आहे असे तो म्हणत नाही.

आता सुरुवातीच्या आक्षेपाकडे वळते. मुलांना नोकऱ्या नाहीत, अत्याचाराच्या फिर्यादी वर्षानुवर्षे पडून आहेत, आणि या बाई '#' आणि तारका शिकवतात, असे एक कार्यकर्ते मला म्हणाले. त्यांना मी माणगावची आठवण दिली. माणगाव आमच्याच हातकणंगले तालुक्यातले. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी तेथे परिषद झाली, शाहू महाराज आले, आणि बाबासाहेबांच्या नेतृत्वाची ग्वाही दिली गेली. त्याआधी जेमतेम दोन महिने, ३१ जानेवारीला, 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला होता. त्याची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नव्हती. १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' निघाले. त्याचा बहुतेक मजकूर बाबासाहेबांना स्वतः लिहावा लागे. पुढे 'भारत भूषण' हा स्वतःचा छापखाना उभा राहिला. त्या काळीही हातातील कामे थोडी नव्हती, मग खिळे आणि कागद यांत एवढा जीव कशाला घातला? दुसऱ्याच्या छापखान्यात आपला शब्द दुसऱ्याच्या मर्जीवर राहतो, हे त्यांनी ओळखले होते.

व्हीएस कोडही मायक्रोसॉफ्ट या कंपनीचाच, हे मला ठाऊक आहे. पण उद्या त्या कंपनीने तो बंद केला, तरी माझी फाइल कोणत्याही साध्या एडिटरमध्ये उघडेल. काहीच नसले तरी डोळ्यांनी वाचता येईल. साधन बदलता येते, मजकूर अडकून पडत नाही. देवनागरीचे एक चिन्ह सर्वसाधारणपणे तीन बाइट जागा घेते. तीन लाख चिन्हांचे अख्खे आत्मकथन एक एमबीपेक्षा कमी भरते. गावागावातील शंभर आयांची, आत्यांची कथने एका पेनड्राइव्हवर मावून भरपूर जागा उरेल. ती चार घरी ठेवावीत, म्हणजे एका पुरात सारे जाणार नाही.

आत्याच्या वहीचे पुढे काय झाले, ते सांगून थांबते. जुने फॉन्ट युनिकोडमध्ये बदलणारी साधने मिळतात. त्यांतल्या एकाने बराचसा मजकूर परत आला. जोडाक्षरे आणि रफार मात्र अनेक ठिकाणी तुटले. आठ महिने संध्याकाळी बसून मी ते हाताने दुरुस्त केले. नव्वद पानांतील अकरा जागा अजून कोऱ्या आहेत. त्यांतली एक बाबासाहेबांवरच्या ओवीत आहे. तेथे उरलेल्या खुणांवरून दोन शब्द संभवतात, आणि दोन्ही अर्थाने बसतात. आत्या कोणता म्हणायची, हे सांगणारे आता कोणी नाही. मी ती जागा तशीच ठेवली आहे आणि खाली तळटीप दिली आहे.

तुमच्या घरी कोणी सांगणारे असेल, तर आजच बसा.