दोष कोणाचा — हाताचा की हत्याराचा?

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण दुसऱ्याला लावण्यात आपण सारेच पटाईत असतो. परंतु एखादे वेळी अंगण खरोखरच वाकडे निघाले, तर? नेमबाजीच्या रेंजवर, म्हणजे आपल्या जुन्या भाषेत चांदमारीच्या मैदानावर, नवे पिस्तूल घेऊन उभ्या राहणाऱ्या नवशिक्याला हा प्रश्न पहिल्या आठवड्यातच पडतो. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलाचे सुवर्णपदक मिळविले. त्याच जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला रायफलचे ऑलिंपिक कांस्यपदक आणले. अशा उदाहरणांनी अनेक तरुण या खेळाकडे वळतात. म्हणून त्यांच्या या अडचणीचा थोडा शास्त्रशुद्ध विचार करू.

उदाहरणासाठी दहा मीटरचे हवेचे पिस्तूल घेऊ. यात दारू नसते. दाबून भरलेल्या हवेच्या जोरावर साडेचार मिलिमीटर जाडीचा शिशाचा छर्रा सुटतो. पिस्तूल एकाच हातात धरून, उभ्याने, कसलाही टेका न घेता झाडावयाचे असते. लक्ष्याच्या मध्यभागी दहा गुणांचे जे वर्तुळ असते, त्याचा व्यास अवघा साडेअकरा मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा! छर्ऱ्याची कड त्या वर्तुळाला नुसती टेकली तरी दहा गुण मिळतात.

आता समजा, नवशिक्याने दहा छर्रे सोडले आणि एकही दहात गेला नाही. तो लगेच पेचकस हाती घेतो. येथेच त्याला थांबविले पाहिजे. प्रथम लक्ष्यावरील छिद्रांकडे नीट पाहावे, कारण दोषाची पहिली साक्ष तीच देतात. सारी छिद्रे एका लहान पुंजक्यात असतील, पण तो पुंजका मध्यापासून बाजूला असेल, तर हात बहुधा ठीक आहे. नेमाची जुळणी तेवढी चुकली आहे. छर्रे जिकडे न्यावयाचे, तिकडे मागची खाच स्क्रूने थोडी सरकविली की काम भागते. याउलट छिद्रे चहूकडे विखुरली असतील, तर खाच कितीही फिरविली तरी उपयोग नाही. विखुरलेपणाचे कारण निराळे असते.

ते कारण पुष्कळदा नजरेत असते. पिस्तुलाच्या पुढच्या टोकाला जो उभा खुंट असतो त्याला माशी म्हणतात. ती मागच्या खाचेत मधोमध आणि वरच्या कडेशी समपातळीत दिसली पाहिजे. माशी व खाच यांत सुमारे तेहतीस सेंटिमीटर अंतर असते, आणि लक्ष्य त्याच्या तीसपट दूर असते. म्हणून माशी खाचेत एक मिलिमीटर बाजूला गेली की छर्रा तीस मिलिमीटर बाजूला जातो, आणि दहाऐवजी साताचे गुण पडतात. मात्र माशी व खाच परस्परांशी जुळलेली असताना सबंध हातच तीन मिलिमीटर सरकला, तर छर्राही तेवढाच सरकतो व दहाच मिळतात. यावरून ध्यानात येईल की हात थोडा हलणे हा मोठा अपराध नव्हे. मनगट मोडणे हा मोठा अपराध. म्हणूनच जाणते शिक्षक सांगतात, की दृष्टी माशीवर ठेवा, लक्ष्य खुशाल अंधुक दिसू द्या.

दुसरे कारण चापात असते. नियमाप्रमाणे चापाला निदान पाचशे ग्रॅम भार पेलला पाहिजे. ‘आता जमले!’ असे वाटताच नवशिका तो हिसक्याने ओढतो. बोटाबरोबर सारी मूठ आवळली जाते आणि उजव्या हाताच्या माणसाचा छर्रा बहुधा खाली डावीकडे जातो. यावर उपाय म्हणजे कोरा सराव: छर्रा व हवेचा झोत न वापरता नुसता चाप सोडावा आणि त्या क्षणी माशी हलते काय ते पाहावे. हलली, तर पिस्तूल निर्दोष सुटले!

पण हातालाच नेहमी दोषी धरणे हाही अन्यायच होय. म्हणून पिस्तुलाचीही परीक्षा घ्यावी, आणि ती क्रमाने घ्यावी. माशीचे, खाचेचे व मुठीचे स्क्रू ढिले नाहीत ना? हवेच्या नळकांड्यावरील दाब पुरेसा आहे ना? तो फार उतरला की छर्रे खाली पडू लागतात. छर्ऱ्यांच्या कडा चेपलेल्या नाहीत ना? एका नळीला एका जातीचे छर्रे मानवतात, दुसरीला दुसऱ्या. मग तेच पिस्तूल अनुभवी नेमबाजाच्या हाती द्यावे, किंवा पक्क्या शिकंज्यात धरून झाडावे. तेथे पुंजका लहान आला, तर वाद मिटला. नाही आला, तर प्रथम छर्रे बदलावे व नंतर कारागिराकडे जावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तीन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाने आला ते कळत नाही.

आणि पिस्तूल अडले तर? नळीचे तोंड लक्ष्याकडेच ठेवावे, बोट चापावरून काढावे, दुसरा हात वर करून रेंजवरील अधिकाऱ्याला बोलवावे. अडलेले पिस्तूल तोंडाशी वळवून पाहणे म्हणजे मरणाला आमंत्रण. हा नियम हवेच्या पिस्तुलालाही तितकाच लागू आहे.

हत्यार खरोखर दगा देते, याचे उदाहरण जगाने पाहिले आहे. २५ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकर यांच्या पिस्तुलाचा तरफेसारखा दांडा मोडला. दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली. ५७५ गुणांवर त्या बाराव्या आल्या आणि आठ जणींच्या अंतिम फेरीला मुकल्या. दोष हाताचा नव्हता. तरीही पुढची तीन वर्षे त्यांना तयार करावा लागला तो हातच. २०२४ मध्ये पॅरिसला त्याच प्रकारात त्यांनी कांस्यपदक मिळविले.

तेव्हा नवशिक्याने स्वतःला उगाच दोष देऊ नये, नि पिस्तुलालाही देऊ नये. छिद्रे पाहावी, एकेक कारण तपासावे, आणि मगच निकाल द्यावा. अंगण वाकडे आहे की नाही, हे ओळंबा लावून पाहता येते; आणि ते सरळ निघाले, तर नाच शिकण्यात कमीपणा कसला?