विश्लेषण : गावची ‘पांढरी’ म्हणजे काय? त्या मातीत शेतकऱ्याचे घर कसे सापडते?

हिंगोली जिल्ह्यात पूर्णा, कयाधू आणि पैनगंगेच्या काठी जुनी गावे आहेत. पाऊस तोंडावर आला की मराठवाड्यात माळवदावर टाकायला आणि शेतात पसरायला गावाजवळच्या टेकाडावरून पांढरी माती आणण्याची रीत जुनी आहे. ती माती मुळात आली कुठून, हे मात्र क्वचितच कोणी विचारते.

‘काळी’ आणि ‘पांढरी’ वेगळी कशी?

जुन्या कागदपत्रांत ‘काळी-पांढरी’ ही जोडी वारंवार येते. काळी म्हणजे कसायची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पांढरी निसर्गाने दिलेली नाही, ती माणसांनी तयार केली. मातीच्या भिंती पडत, त्यावरच नवे घर उभे राही. चुलीची राख, शेण, भुसा, हाडे, खापरे तिथेच साचत. शेकडो वर्षांत त्याचे टेकाड होई. राख आणि शेणामुळे ही माती पिकाला मानवते, म्हणूनच ती गाड्या भरून शेतात गेली. महसूल दप्तरात काही गावांपुढे ‘बेचिराख’ असा शेरा आढळतो. बेचिराख म्हणजे जिथे दिवा लागत नाही असे गाव. माणसे उठून गेली तरी पांढरी मागे उरते.

शेतकऱ्याचे घर मातीत ओळखतात कसे?

याचे महाराष्ट्रातील सर्वांत चांगले उदाहरण पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठचे इनामगाव (ता. शिरूर). पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांचा अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील शंभराहून अधिक घरे तिथे उजेडात आली.

भिंती कधीच विरघळल्या होत्या. उरल्या होत्या चोपून केलेल्या जमिनी, चुली, धान्याची पेवे आणि कुडाच्या मेढी रोवलेले खळगे. लाकूड कुजले की खळग्यातल्या मातीचा रंग आजूबाजूपेक्षा वेगळा दिसतो. असे खळगे जोडत गेले की घराचा आराखडा हाती येतो. जळलेल्या दाण्यांवरून जव, गहू, मसूर, वाटाणा ही पिके कळली. नदीचे पाणी वळवणारा बांध आणि पाटही सापडला. वस्तीच्या मधोमध पाच खोल्यांचे मोठे घर होते. त्याला धान्याचे कोठार जोडलेले होते आणि अंगणात चार पायांच्या रांजणात मांडी घालून बसवलेला एक पुरुष पुरलेला होता. गावाचे धान्य ज्याच्या ताब्यात, तो गावाचा प्रमुख, असा अर्थ संशोधकांनी लावला. पुढे इ. स. पू. १००० च्या सुमारास हवामान कोरडे होत गेले, असे ढवळीकरांचे मत. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि शिकारीवरचे अवलंबित्व वाढले. दुष्काळाने घराचा आकार बदलतो, हे मराठवाड्याला वेगळे सांगायला नको.

गढीखाली काय असते?

गढी म्हणजे देशमुख-पाटलांचे तटबंदीचे घर. ती बहुधा जुन्या उंच पांढरीवरच बांधली जाई. अमरावती जिल्ह्यातील तुळजापूर गढी येथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे बा. प. बोपर्डीकर यांनी १९८४-८५ मध्ये उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती मिळाली. गावाचे नावच गढीवरून, पण वस्ती गढीच्या कितीतरी आधीची.

माती उचलली तर बिघडते काय?

पुरातत्त्वात वस्तूपेक्षा तिची जागा महत्त्वाची. कोणत्या थरात, चुलीशेजारी की भिंतीखाली, यावरून काळ आणि उपयोग ठरतो. पूर्वी फावड्याने माती निघायची, तेव्हा टेकाड झिजायला पिढ्या लागत. जेसीबीने चार दिवसांत तीन हजार वर्षे सपाट होतात. ट्रॉलीत गेलेले खापर नंतर संग्रहालयात ठेवता येते, पण ते कोणत्या घराचे हे कधीच कळत नाही.

जुनी वस्तू सापडली तर?

१८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची मौल्यवान वस्तू मिळाल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. खापरे, मणी, जळलेले धान्य यांची किंमत बाजारात शून्य. नांगराला अशा वस्तू लागल्या तर त्या उचलण्याआधी जागेसह छायाचित्र काढावे, तिथली खोदाई थांबवावी आणि तहसील किंवा राज्य पुरातत्त्व विभागाला कळवावे.