काट्याशिवाय वजन : डांगी जनावरं मोजताना

साखरशेतसारख्या जव्हारमधल्या डोंगराळ गावात जनावरांची वाढ अभ्यासायची असं प्रस्तावात लिहिणं सोपं आहे. पण गोठ्यापर्यंत वजनकाटा कोण नेणार? बैलाला डोंगर उतरवून काट्यावर आणलं, तर त्या चालण्यानेच त्याचं पोट रिकामं होतं. म्हणून बहुतेक जण टेपवर येतात. टेप वाईट नाही, पण ती नेमकं काय सांगते आणि काय सांगत नाही, हे शेतावर जायच्या आधीच कळलेलं बरं.

या पट्ट्यातली जात म्हणजे डांगी. पालघर, नाशिक, अहिल्यानगरमधलं अकोले आणि गुजरातचा डांग हा तिचा मुलूख. कातडीवरच्या तेलकट स्रावामुळे मुसळधार पावसातही तग धरणारी, चालायला संथ पण चिखलात खंबीर. भातशेतीत चिखलणीचं जड काम जून-जुलैत येतं आणि त्याआधीच्या मे महिन्यात माळावर चारा उरलेला नसतो. म्हणजे बैल वर्षात सगळ्यात खंगलेला असतो, तेव्हाच त्याला जुंपावं लागतं. शिवाय पावसाळ्याच्या तोंडावर जंतनाशक देतात ते वजनावर. वजन कमी धरलं तर मात्रा अपुरी पडते, जंत पूर्ण मरत नाहीत आणि पुढे त्या औषधाला दाद देईनासे होतात. आकडा चुकला तर त्याची किंमत शेतकरी मोजतो.

नेहमीचं सूत्र शेफर यांचं. छातीच्या घेराचा वर्ग गुणिले शरीराची लांबी, भागिले ३००; मापं इंचात, उत्तर पौंडात. सेंटिमीटर आणि किलोसाठी भाजक साधारण १०,८४० होतो. घेर वशिंडाच्या मागून, पुढच्या पायांच्या कोपरांलगत घ्यायचा. लांबी खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडाच्या टोकापर्यंत.

समजा घेर १५० सेमी आणि लांबी १२० सेमी. वजन येतं सुमारे २४९ किलो. आता लांबीत ३ सेमी जास्त मोजले, तर ते २५५ होतं. पण तेच ३ सेमी घेरात जास्त आले, तर २५९! घेराचा वर्ग होतो, म्हणून तिथली चूक जवळपास दुप्पट होऊन वजनात उतरते. टेप किती आवळली, जनावराने श्वास घेतला होता की सोडला होता, मान खाली होती की वर, हे सगळं त्या ३ सेमीत सहज बसतं.

यावर उपाय म्हणजे आपलीच चूक मोजणं. दहा जनावरं घ्या, प्रत्येकाचा घेर दोनदा मोजा, आणि दुसऱ्यांदा मोजताना पहिला आकडा बघू नका. प्रत्येक जोडीतल्या फरकाचा वर्ग करा, सगळ्यांची बेरीज करा, तिला २० ने भागा (जनावरांच्या संख्येची दुप्पट) आणि वर्गमूळ काढा. समजा बेरीज ८० आली. मग चूक २ सेमी. तसं असेल तर एकाच बैलाच्या दोन भेटींमधला साडेपाच सेमीपेक्षा कमी फरक 'वाढ' म्हणून सांगता येत नाही. आपल्या उदाहरणात तो जवळजवळ १९ किलो झाला! कळपाची सरासरी घेतली की ही चूक बरीच विरते. पण ऑक्टोबरात तुम्ही मोजलं आणि मे महिन्यात मित्राने, तर हाताचा फरक सरासरीतही तसाच राहतो. प्रबंधात या गोष्टीला जेमतेम एक ओळ मिळते, मला ते पटत नाही.

दुसरा प्रश्न सूत्राच्या मुळाचा. एका बांध्याच्या जनावरांवर बसवलेला भाजक दुसऱ्या बांध्याला चालेलच असं नाही. उंटाचं उदाहरण बघा. त्याच्यासाठी बुए यांचं सूत्र वापरतात : ५३ गुणिले छातीचा घेर, गुणिले कुबडावरून घेतलेला पोटाचा घेर, गुणिले खांद्याची उंची, सगळं मीटरमध्ये. लांबी नाहीच, कारण शरीराचा घाटच वेगळा. डांगीसाठी निदान काही जनावरं तरी खऱ्या काट्यावर घालून सूत्र तपासायला हवं. वासरं, गायी आणि बैल वेगवेगळे. मोठ्या बैलांवर बसवलेलं समीकरण वासरांवर चालवू नका.

आणि वजन बरोबर आलं तरी प्रकृती कळत नाही. २४९ किलोची लहान चणीची धष्टपुष्ट गाय असू शकते, नाहीतर मोठ्या हाडापेराची हडकुळी. त्यासाठी बॉडी कंडिशन स्कोअर असतो : कमरेची आडवी हाडं, माकडहाड, बरगड्या हाताने चाचपून आणि नजरेने बघून दिलेले गुण. इथे दुधाळ विदेशी गायींचा तक्ता उचलू नका. वशिंडवाल्या गुरांसाठी अदिस अबाबाच्या इंटरनॅशनल लाइव्हस्टॉक सेंटर फॉर आफ्रिकाने १९८६ मध्ये निकल्सन आणि बटरवर्थ यांची मार्गदर्शिका काढली होती. तीत हडकुळं, मध्यम, लठ्ठ असे तीन गट आणि प्रत्येकात तीन, अशा नऊ पायऱ्या आहेत. वशिंड फुगलेलं दिसलं म्हणून गुण वाढवायचे नाहीत. उंटाचं कुबड चरबीचं, म्हणून त्यावरून त्याची प्रकृती ताडता येते. बैलाचं वशिंड मुख्यतः स्नायूंचं, आणि नराचं मोठं असतंच.

गुण दोघांनी स्वतंत्रपणे द्यावेत, टेप लावायच्या आधी. आकडा कळला की हाताला ती चरबी जाणवायला लागते. मापं सकाळी, चारापाण्याआधी. नोंदवहीत तारखेबरोबर गाभण आहे का, काल जुंपलं होतं का, पेंढा अजून शिल्लक आहे का, हेही लिहा. आणि वर्षातून दोनदाच जाणं जमत असेल, तर एक फेरी मेअखेरची ठेवा.