वनस्पती आणि विषण्णता

झाडपाल्याच्या औषधाने गुण आला तर उत्तमच, न आला तरी अपाय होत नाही, असा समज आपल्याकडे घरोघर रुजलेला आहे. खोकल्याला अडुळसा देण्यापुरता तो चालून जातो. परंतु ज्या विकाराला आज सर्वजण ‘डिप्रेशन’ म्हणतात, त्या विषण्णतेच्या बाबतीत हा समज कितपत खरा आहे, ते आम्हांस येथे पाहावयाचे आहे.

प्रथम आपल्याच देशातील सर्पगंधा घेऊ. उन्माद आणि निद्रानाश यांवर तिची मुळी आपल्याकडे पूर्वापार वापरीत. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील तिच्या उपयोगाचा निबंध १९४९ साली ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला, आणि जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातील रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. मेंदूतील मज्जापेशी सेरोटोनिनसारखी निरोपी द्रव्ये सूक्ष्म पिशव्यांत साठवून ठेवतात. रेसर्पिन ही साठवणच मोडते. ते घेणारे काही रुग्ण खिन्न होतात, अशी वृत्ते येऊ लागली, आणि या द्रव्यांच्या उणिवेतून विषण्णता येत असावी, या उपपत्तीला त्यामुळे बळ मिळाले. गंमत अशी, की लंडनचे डेव्हिस व शेफर्ड यांना १९५५ साली चिंताग्रस्त व खिन्न रुग्णांत याच रेसर्पिनने उतार पडलेला दिसला. तात्पर्य, चार रुग्णांच्या अनुभवावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे असते.

दुसरे उदाहरण युरोपातील सेंट जॉन्स वर्ट या पिवळ्या फुलांच्या झुडुपाचे. आपल्या हिमालयातही ते उगवते. त्यातील हायपरफोरिन हे द्रव्य सेरोटोनिन पुन्हा पेशीत ओढले जाऊ देत नाही. २००८ साली एकूण ५,४८९ रुग्णांवरील २९ चाचण्यांचा एकत्र आढावा घेण्यात आला. त्यात या वनस्पतीचा अर्क नुसत्या लटक्या गोळीपेक्षा सरस, प्रचलित औषधांच्या तोडीचा आणि कमी त्रासदायक ठरला. मात्र जर्मन भाषक देशांतील चाचण्यांचे निकाल इतरांहून अधिक अनुकूल होते. उलट, अमेरिकेत ३४० रुग्णांवर झालेल्या व २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हा अर्क लटक्या गोळीहून सरस ठरला नाही. पण तुलनेसाठी घेतलेले सर्ट्रालीन हे प्रचलित औषधही तेथे मुख्य कसोट्यांवर सरस ठरले नव्हते!

म्हणजे या वनस्पतीत गुण आहे. पण जिच्यात गुण करण्याचे सामर्थ्य आहे, तिच्यात अपाय करण्याचेही असतेच. हायपरफोरिन यकृतातील औषधे मोडून टाकणाऱ्या यंत्रणेला चेतविते. परिणामी रुग्णाने घेतलेली दुसरी औषधे रक्तात पुरेशी टिकत नाहीत. हृदयरोपण झालेल्या दोन रुग्णांनी हा अर्क घेतला; सायक्लोस्पोरिनचे रक्तातील प्रमाण घसरले, आणि त्यांचे शरीर नवे हृदय नाकारू लागले, असे वृत्त झुरिकहून २००० साली प्रसिद्ध झाले. संततिप्रतिबंधक गोळ्यांचा प्रभावही असाच उणावतो. विषण्णतेच्या प्रचलित गोळ्यांबरोबर हा अर्क घेतला, तर सेरोटोनिनचा अतिरेक होऊन जिवावर बेतू शकते.

शिवाय, एका कारखान्याचा अर्क दुसऱ्यासारखा असतोच असे नाही. वनस्पतीचा कोणता भाग, कोणत्या ऋतूत, कशा रीतीने घेतला, यावर त्यातील द्रव्यांचे प्रमाण बदलते.

वनौषधींना नाके मुरडावीत, असे आमचे म्हणणे नाही. पण त्यांना औषधच मानावे, खाऊ नव्हे. काढा, चूर्ण, गोळी, जे काही आपण घेत असू, ते डॉक्टरांना न लपवता सांगावे. चालू औषध आपल्या मनाने थांबवू नये. आणि घरातील कोणी ‘आता जगून काय करायचे’ असे बोलू लागले, तर काढ्याचा गुण येण्याची वाट पाहत बसू नये. त्याच दिवशी त्याला डॉक्टरांकडे न्यावे आणि तोवर एकटे सोडू नये.